फुगे, गवत आणि घरपट्टी

१६ एप्रिल २०१३ रोजी चर्चगेटची लोकल पहिल्यांदा डहाणू रोडला पोचली. रेल्वेच्या वेळापत्रकापुरतं का होईना, त्या दिवशी डहाणू मुंबईचं उपनगर झालं. चर्चगेटपासून १२४ किलोमीटर लांब, अधेमधे खाड्या, मिठागरं, चिकूच्या वाड्या आणि तारापूरची औद्योगिक वसाहत. उपनगर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चाळी, इमारती, गिरणीचा भोंगा नाहीतर आयटीवाल्यांच्या काचा येतात. डहाणूत त्यातलं फारसं काही नाही. तरी पहाटेच्या गाडीला माणसं दाटीवाटीनं उभी असतात. मासळीच्या पाट्या, चिकूचे खोके, बोईसरला उतरणारे कंपनीचे कामगार, पालघरला कलेक्टर कचेरीत खेपा घालणारे लोक, डबा घेतलेले बँकेतले आणि शाळेतले नोकरदार. उपनगराची सगळी धावपळ इथे आली आहे. ज्या कारखान्यांच्या जोरावर उपनगरं उभी राहतात ते मात्र डहाणूच्या आणि शेजारच्या तलासरीच्या हद्दीबाहेर राहिले. ते तसे का राहिले, आणि त्यात इथल्या नगरपरिषदेचा, नगरपंचायतीचा, ग्रामसभांचा हात किती होता, हे पाहण्यासारखं आहे.

आधी गावाबद्दल. डहाणू म्हणजे दोन गावं. एक जुनं, खाडीलगतचं, पोर्तुगीज किल्ल्याचं. चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. दुसरं स्टेशनभोवतीचं, मल्याणचं. १८६४ साली मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग जोडला गेला तेव्हा रूळ गावापासून आत, जमिनीच्या बाजूनं गेले, म्हणून स्टेशनच्या नावाला ‘रोड’ चिकटलं. नंतर बाजार, वखारी, भातगिरण्या, दवाखाने सगळे रुळांकडे सरकले. आज सागर नाका, इराणी रोड, पारनाका असं फिरताना पाट्या मराठीत आणि गुजरातीत, दुकानदार गुजरातीत हिशेब करतो, गिऱ्हाईक वारलीत घासाघीस करतं, आणि मासळीवाली मांगेली बोलीत दोघांनाही गप्प करते. इराणी आणि पारशी बागायतदारांनी घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात चिकू लावला आणि वाढवला. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

आणि या गावात फुगे होतात. वाढदिवसाला फुगवायचे, जत्रेत काठीला बांधून विकायचे, ते रबरी फुगे. डहाणूत आणि आशागडसारख्या आसपासच्या गावांत ‘फुगा कंपनी’ हा शब्द कोणालाही विचारा, बोट दाखवून वाट सांगतात. केरळातून रबराचा चीक पिंपांतून येतो. पिंप उघडलं की अमोनियाचा वास थेट डोळ्यांत जातो. चिकात रंग आणि रसायनं कालवून तो मुरवत ठेवतात. फुग्याच्या आकाराचे साचे पाटावर ओळीनं उलटे बसवलेले असतात. पाट आधी चीक धरून ठेवणाऱ्या द्रावणात बुडवायचा, मग चिकात. बाहेर काढला की साच्यावर पातळ ओली कातडी दिसते. ती पुरती सुकायच्या आत तोंडाकडची कड गुंडाळून घ्यावी लागते. फुगवताना आपण ओठांत धरतो ती वळी ही. मग उष्ण हवेच्या खोलीत भाजणी, नंतर भुकटी लावून फुगा साच्यावरून ओढून काढणं. शेवटी धुणं, वाळवणं, रंग वेगळे करणं, मोजणं, पाकिटं भरणं. हे शेवटचं काम बहुतेक बायकांचं. बोटं इतकी सरावलेली असतात की नजर शेजारणीकडे असली तरी मोजणी चुकत नाही.

किनाऱ्यानं दक्षिणेला गेलं की चिंचणी, वरोर, वाढवण या गावांत आणखी एक धंदा आहे, डायमेकिंगचा. दागिन्यांचे साचे. पोलादाचा तळहातात मावेल एवढा ठोकळा, बारीक छिन्न्या, जवळ ओढलेला दिवा. ठोकळ्यावर पान, फूल, मण्याची अर्धी वाटी उलटी कोरायची. सोनार किंवा नकली दागिन्यांचा कारखानदार त्यावर पत्रा ठेवून दाबतो आणि नक्षी उठते. घराच्या पडवीत बसून होणारं हे काम. मुलगा बापाचं बघून शिकतो, आणि माल जातो दागिन्यांच्या मोठ्या बाजारांत. मासेमारी बंद असते त्या पावसाळ्यात या गावांना डाय सांभाळून घेते. सरकारी कागदावर ‘उद्योग’ म्हणून जे काही मोजलं जातं त्यात अशी पडवी कितपत धरली जाते याची मला शंकाच आहे.

मोठे कारखाने इथे का आले नाहीत याचं उत्तर एका अधिसूचनेत आहे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारनं पर्यावरण संरक्षण कायद्याखाली सबंध डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. उद्योगांची हिरवा, नारिंगी, लाल अशी वर्गवारी झाली, तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन, आणि तालुक्याच्या सीमेबाहेर २५ किलोमीटरचा पट्टा कारखान्यांपासून मोकळा ठेवायचा, असं ठरलं. त्यामागे थर्मलची भीती होती. ‘थर्मल’ म्हणजे डहाणू खाडीलगतचं औष्णिक वीज केंद्र. ५०० मेगावॉटचं, कोळशावर चालणारं. ते आणणारी कंपनी बीएसईएस, म्हणजे बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणारी. कोळसा डहाणूत जळायचा आणि दिवे तिकडे लागायचे. केंद्र नंतर रिलायन्सकडे, २०१८ मध्ये अदानींकडे गेलं, पण वीज तिकडेच जाते.

अधिसूचना निघाली, तरी ती पाळायची कोणी हा प्रश्न राहिला. पर्यावरणवादी संपादक बिट्टू सहगल सर्वोच्च न्यायालयात गेले, स्थानिक पातळीवर नर्गिस इराणी आणि डहाणूतल्या इतरांनी आधीपासून लढा चालवला होताच. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालानं डहाणूसाठी वेगळं प्राधिकरण नेमायला सांगितलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आलं. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. सदस्य तज्ज्ञ आणि सरकारी अधिकारी. ३ जानेवारी २०१९ ला निधन होईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, धर्माधिकारी त्या खुर्चीवर होते.

या प्राधिकरणानं काय केलं ते थर्मलच्या धुरांड्यावरून सांगता येतं. कोळशाच्या धुरातला गंधक वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवायची, ही अट वीज केंद्राला मंजुरी देतानाच होती. कंपनीनं ती लांबवली. १९९९ मध्ये प्राधिकरणानं यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. कंपनी न्यायालयात गेली. २००५ मध्ये प्राधिकरणानं ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली, आणि २००७ मध्ये समुद्राच्या पाण्यानं धूर धुणारी यंत्रणा सुरू झाली. एवढ्या मोठ्या कंपनीकडून एवढी किंमत वसूल करणं कुठल्याही नगराध्यक्षाला, जिल्हा परिषद सदस्याला किंवा आमदाराला जमलं नसतं. त्याआधी १९९८ मध्ये याच प्राधिकरणानं वाढवणचं बंदर नाकारलं होतं. तेव्हा ते पी अँड ओ ही ऑस्ट्रेलियन कंपनी बांधणार होती. २००२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानंच प्राधिकरण बरखास्त करा म्हणून अर्ज केला, यावरून त्याचा धाक किती होता ते कळतं.

मला इथे एक गोष्ट खटकते आणि ती डहाणूप्रेमी मंडळींना आवडणार नाही. प्राधिकरण लोकांनी निवडलेलं नव्हतं. लोकांनी निवडलेली नगरपरिषद शेजारीच होती, पंचायत समिती होती, ग्रामपंचायती होत्या. त्यांच्या वाट्याला गटारं आली आणि प्राधिकरणाच्या वाट्याला आभाळ. धूर, समुद्र, बंदर, झाडं, यांतलं काही बिघडलं की लोक न्यायमूर्तींकडे जायचे. गावच्या नगरसेवकाला कोणी विचारायचंच नाही, आणि त्यालाही ते सोयीचं होतं. डहाणू नगरपरिषदेची निवडणूक २०१७ च्या डिसेंबरात झाली. मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाच्या हाती गेला आणि पुढची निवडणूक २०२५ च्या डिसेंबरात झाली. मधल्या काळात बंदराचा निर्णय झाला. त्यावर ठराव करायला निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, आणि ते नाही याची फारशी बोंबही झाली नाही.

तलासरीची गोष्ट वेगळी. इथे राज्यकारभार नावाची वस्तू लोकांनी आधी अंगावर घेतली आणि मग हातात. तेव्हा तलासरी तालुका नव्हता, उंबरगाव तालुका होता, ठाणे जिल्ह्यात. जंगल आणि गवत ही इथली दौलत. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत इथून रेल्वेनं जायचं. ते कापायचे वारली, आणि बरेचदा वेठीनं, फुकट. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या थोड्या रुपयांवर नवराबायको दोघं त्याच्याकडे राबायची; अशा माणसाला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी या गावात शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेची परिषद भरली. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, आणि रोजाला बारा आणे, एवढंच मागणं. त्याच वर्षी पावसाळा सरताना गवत कापणीचा संप झाला, ५०० पौंड गवताला अडीच रुपये या दरासाठी. १० ऑक्टोबरच्या रात्री तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात गोदावरीबाईंनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

एरवी मार्क्सवाद्यांचा विधानसभेत उल्लेख संपत आलेला असताना तलासरी ज्यात मोडते तो डहाणू मतदारसंघ विनोद निकोले यांना निवडून देतो, २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे महाराष्ट्रातले ते एकमेव आमदार. बाहेरच्यांना हे कोडं वाटतं. तलासरीत लाल बावटा हा पक्षापेक्षा घराण्याचा वारसा आहे. आजा झरीला गेला होता, एवढं कारण पुरतं. दुसऱ्या, म्हणजे संघ-भाजपच्या, बाजूलाही मुळं खोल आहेत. माधवराव काणे यांनी तलासरीत आदिवासी मुलांसाठी वसतिगृह चालवलं, त्या परंपरेतून चिंतामण वनगा खासदार झाले. गाव लहान असलं तरी दोन्ही विचारांची मुख्य माणसं इथेच घडली. कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय आणि वनवासी कल्याणाचं काम एकाच गावात चालतं. निवडणुकीत हे लोक एकमेकांच्या उरावर बसतात आणि मयताला एकत्र जातात.

१ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा उंबरगाव तालुक्याची फाळणी झाली. उंबरगाव, संजाण यांसह ५० गावं गुजरातला गेली. उरलेल्या गावांचा तलासरी महाल झाला, पुढे तालुका. मुंबई राज्य पुनर्रचना कायद्याच्या परिशिष्टात ही गावं नावानिशी छापलेली आहेत. नकाशावरची ती रेघ पुढच्या साठ वर्षांत इथल्या मजुराचं नशीब झाली. कारण रेघेपलीकडे गुजरातनं उंबरगाव, सरीगाम, वापी अशा औद्योगिक वसाहती उभ्या केल्या. डहाणूच्या सीमेपासून उंबरगाव २५ किलोमीटरच्या आतच आहे. दक्षिणेला तारापूर-बोईसर तेवढंच जवळ. दोन्हीकडे चिमण्या आणि मधे हिरवा तालुका, असा हा पट्टा.

सकाळी तलासरी नाक्यावर उभं राहिलं की त्या रेघेचा अर्थ कळतो. इको गाड्या, जीपा, टेम्पो भरून निघतात. खांद्याला पिशवी, पिशवीत भाकरी, पायात कंपनीचे बूट. कोणी ‘जीआयडीसीत कामाला’ आहे, कोणी ‘ठेकेदाराचा माणूस’. प्लास्टिक, पेन, कापड, रसायन, जिथे हात हवे तिथे. गाडी आच्छाडच्या नाक्याकडे वळते आणि राज्य बदलतं. मत महाराष्ट्रात, हजेरी गुजरातेत. कारखान्यात बोट कापलं तर निरीक्षक गुजरातचा, कामगार न्यायालय गुजरातचं. निकोले असोत की आणखी कोणी, विधानसभेत त्यांनी कोणत्या मंत्र्याला जाब विचारायचा? आणि उंबरगावच्या आमदाराला हा मजूर मतदार नाही, तेव्हा त्याला काय पडलंय? दोन सरकारांच्या फटीत सापडलेल्या माणसाला युनियन सोडून वाली नसतो, आणि रोजंदारीवरच्या माणसाला युनियनमध्ये नाव घालायची हिंमत होत नाही. वेवजी आणि सोळसुंबा या शेजारगावांमधला हद्दीचा वाद मधूनमधून वर्तमानपत्रात येतो. दोन ग्रामपंचायती, दोन राज्यं. हद्दीवरच्या जमिनीला कारखान्यांमुळे भाव आला नसता तर हे भांडण कोणी काढलं नसतं.

गवताची गोष्ट इथे एकदा परत येते. मुंबईनं गवत नेणं कमी केलं आणि तबेलेच इकडे आणायचं ठरवलं. आरे कॉलनीच्या धर्तीवर दापचरीला दुग्ध प्रकल्प झाला. मुंबईतल्या म्हशी इकडे हलवायच्या, आदिवासींना दुधाचा जोडधंदा द्यायचा, अशी कल्पना. त्यासाठी हजारो एकर जमीन गेली, पाण्यासाठी कुर्झे धरण बांधलं. तबेलेवाले मुंबई सोडायला राजी नव्हते, हिशेब जमला नाही, आणि प्रकल्प हळूहळू ओस पडला. आज महामार्गानं जाताना दापचरी लोकांना ठाऊक आहे ती सीमा तपासणी नाक्यामुळे, ट्रकांच्या रांगेमुळे. जमीन सरकारच्या नावावर, त्यामुळे अधूनमधून तिथे औद्योगिक वसाहतीचं घोडं पुढे दामटलं जातं. ज्यांची जमीन गेली त्यांची नातवंडं याच महामार्गावरून पलीकडच्या राज्यात कामाला जातात.

आता कारभाराबद्दल, आणि इथे थोडा कायदा सांगणं भाग आहे. डहाणू आणि तलासरी दोन्ही राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं क्षेत्र. इथल्या ग्रामसभेला पेसा कायद्यानं, म्हणजे १९९६ चा केंद्राचा कायदा आणि २०१४ चे राज्याचे नियम, बऱ्यापैकी दात दिले आहेत. जमीन संपादनाआधी ग्रामसभेचं मत घ्यावं लागतं, गौण वनोपजावर तिचा हक्क, पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा करता येते, आणि आदिवासी विकासाच्या निधीतले पाच टक्के पैसे थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतात. तलासरी गाव तालुक्याचं ठिकाण म्हणून नगरपंचायत झालं. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक, मुख्याधिकारी. आणि ग्रामसभा गेली. राज्यघटनेच्या २४३ झेडसी कलमानुसार नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. संसदेनं वेगळा कायदा करायला हवा. असं विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत आलं आणि तिथेच राहिलं. म्हणजे जवळपास नव्वद टक्के आदिवासी वस्तीच्या तालुक्यातलं मुख्य गाव शहर झालं, आणि आदिवासी म्हणून मिळालेला सगळ्यात धारदार हक्क शहर होताना सुटला. बदल्यात रस्त्यावर दिवे आले, घंटागाडी आली. दिवे हवेतच, तक्रार दिव्यांची नाही. गावातल्या माणसाला ही अदलाबदल कोणी समजावून सांगितली होती का, एवढाच माझा प्रश्न आहे.

कारभाराचा विषय आहे तर भूकंपाचंही सांगायला हवं, थोडक्यात. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीभोवतीची जमीन थरथरायला लागली. धक्के लहान, पण शेकडो. लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपले. कुडाची घरं तरली, अर्धवट सिमेंटची तडकली. त्या काळात पाड्यावर आधी पोचायचे ते ग्रामसेवक, तलाठी, शाळेचे गुरुजी.

पुन्हा समुद्राकडे. धर्माधिकारी गेल्यावर प्राधिकरणाची खुर्ची बराच काळ रिकामी होती. नंतर नवे अध्यक्ष आले आणि १९९८ मध्ये ज्या प्राधिकरणानं वाढवणला नाही म्हटलं, त्यानंच ३१ जुलै २०२३ रोजी अटी घालून हो म्हटलं. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या परवानगीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या गावांनी काळे झेंडे लावले, मोर्चे काढले. ग्रामसभांचे विरोधाचे ठराव कागदावर आहेत. ज्याच्या भरवशावर तालुका पाव शतक निर्धास्त होता तो दरवाजा उघडला तेव्हा मागे दुसरा दरवाजा नव्हता. तो बांधायचं काम नगरपरिषदेनं, पंचायत समितीनं, पक्षांनी त्या पाव शतकात केलं नाही. प्राधिकरणाला दोष देण्याआधी हेही मांडायला हवं.

आता ‘चौथी मुंबई’ असा शब्द नेत्यांच्या भाषणांत येऊ लागला आहे. बंदरासाठी जमीन जाणार नाही, ते समुद्रात भराव घालून होणार, असं सरकार सांगतं. १,४४८ हेक्टरचा भराव. जमीन लागेल ती रस्त्याला आणि रेल्वेला. हा युक्तिवाद विस्थापनाच्या बाबतीत केला जातो, पण ग्रामपंचायतीच्या बाजूनं त्याचा दुसरा अर्थ निघतो. ग्रामपंचायतीची हद्द भरतीच्या रेषेपाशी संपते. भरावावरची गोदामं, कचेऱ्या, धक्के कुठल्या गावात धरायचे? ट्रक वरोर-वाढवणच्या रस्त्यांनी जाणार, कामगार तिथेच भाड्यानं राहणार, पाणी तिथलंच खेचलं जाणार. घरपट्टी मात्र ज्या जमिनीवर लागते ती जमीनच गावात नसेल.

हे हवेतलं बोलणं नाही. वाढवणच्या कंपनीत ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आहे, उरलेला महाराष्ट्र सागरी मंडळाचा. त्याच बंदराकडे, म्हणजे पूर्वीच्या जेएनपीटीकडे, मालमत्ता कराची थकबाकी मागत उरण तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या आहेत. वरोर, वाढवण, टिघरेपाड्याच्या सदस्यांनी एकदा उरणला जाऊन त्या फायली बघून याव्यात. लोकलनं विरारमार्गे गेलं तर दिवसभरात जाऊन येता येतं.